हेळव्याची वही आणि हातातला फोन



गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ज्या ज्या गटांच्या बैठकांना गेलो, तिथे हिशेब संपला की कुणी ना कुणी फोन पुढे करायची. "ताई, जागा भरली म्हणतोय, काय पुसू?" कुणी घाईघाईत फोटो पुसून टाकलेले, कुणी नवा फोन घेतलेला आणि जुन्यातलं सगळं जुन्यातच राहिलेलं. एका आक्कांचा फोन विहिरीत पडला. फोन सात हजारांचा. तो त्यांनी गटातून कर्ज घेऊन पुन्हा घेतला. पण त्यात त्यांच्या मालकांचा आवाज होता. मालक गेले त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी बाजारातून पाठवलेला, "मेथी घेऊ का चाकवत?" एवढाच. मालकांचा फोन मुलानं आधीच कोरा करून वापरायला घेतला होता. म्हणजे तो आवाज जगात एकाच जागी उरला होता, आणि ती जागा विहिरीत गेली.

आज फोनमधल्या जागेविषयीच बोलायचं आहे. पण आम्ही सुरुवात जरा मागून करणार आहोत. फोन नवा असला तरी ही अडचण नवी नाही. आपल्या भागात माणसांनी कागद कसे राखले, कसे गमावले, ते ऐकलं की फोनचं गणित पटकन कळतं, असा आमचा बैठकांमधला अनुभव आहे.

मिरज, जत, कवठेमहांकाळ या बाजूच्या मैत्रिणींना हेळवी माहीत असतील. सुगी झाली की सीमाभागातून येणारी ही माणसं. दारात बसून तुमच्या घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. पणजोबा कोण, त्यांचे भाऊ किती, कोण कुठल्या गावाहून इथे आलं. मागच्या फेरीनंतर जन्मलेल्या पोरांची नावं विचारून वहीत घालतात, धान्य किंवा पैसे घेतात आणि पुढच्या दाराला जातात. लहानपणी आम्हाला हे नुसतं मागणं वाटायचं. आता विचार केला तर त्यातलं शहाणपण दिसतं. तुमच्या घराण्याची नोंद तुमच्या घरात नाही, ती हेळव्याच्या घरात आहे. तुमचा वाडा पडला, जळाला, भावकीत भांडण होऊन कागद फाडले, तरी ती वही दुसऱ्या गावात शाबूत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्यांचंही तसंच. आपल्या आज्यापणज्यांनी तिथे जाऊन नावं सांगितली, ती तिथे लिहिलेली राहिली. कृष्णेला कितीही पूर आला तरी तिचं पाणी त्र्यंबकेश्वरला पोचत नाही.

एक मात्र खटकतं, ते इथेच सांगून टाकतो. या वह्यांमध्ये बहुतेक ठिकाणी बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी ओळ उतरत जाते. लेकी आणि सुना त्यात सहसा सापडत नाहीत. आपल्या नावाची जागा कागदावर फार उशिरा झाली. सरकारी कागदावर आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा नियम महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी लागू झाला, म्हणजे अगदी कालपरवा.

वहीच्या आधी दगड होता आणि तांबं होतं. देवळातले शिलालेख आपण पाहतो, जमिनीच्या दानाचे ताम्रपट संग्रहालयात पाहतो. टिकायला एकदम पक्के. पण एक ओळ खोदायला किती कष्ट! म्हणून त्यावर राजाचं दान गेलं, आपल्या घरचा हिशेब कुणी तांब्यावर लिहिला नाही. कागद आला आणि लिहिणं स्वस्त झालं, लिहिलेलं वाढलं. फडात कापडात बांधलेले रुमाल रचले गेले. पण कागदाला वाळवी, ओल, उंदीर, आग. जास्त मावतं ते कमी टिकतं, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे, आणि फोनपर्यंत तीच चालत आली आहे.

जुन्या कारभाऱ्यांना हे कळत होतं. महत्त्वाच्या कागदाची नक्कल करून ठेवायची, जुन्या कागदांत तिला तालीक म्हणतात. अस्सल एकाकडे, तालीक दुसऱ्याकडे. तरीही पेशवाई गेली, संस्थानं उरली, आणि शेकडो घराण्यांची दप्तरं माळ्यावर पडून राहिली. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन माणसं या कागदांच्या मागे लागली, आणि तिघांचाही आपल्या दोन जिल्ह्यांशी संबंध आहे.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. त्यांच्या समोर पटवर्धन सरदारांची दप्तरं होती. घोड्यांच्या दाण्यापासून लढाईच्या बातमीपर्यंत सगळं त्यात. शाळा सांभाळून त्यांनी ते वाचलं, निवडलं, उतरवून काढलं आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं छापायला सुरुवात केली. १९२४ मध्ये ते वारले, तोवर बारा खंड निघाले होते. वाईला सापडलेल्या पत्रांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पानिपताच्या काळची पत्रं त्यात आहेत. आणि साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आपल्यातल्या कितीजणी तिथे सहलीला गेल्या असतील. त्या वाड्यातलं नानांचं दप्तर पारसनीसांच्या हाती आलं. त्यांनी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं केलं. पुढे हा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

या तिघांनी केलं काय? एका माळ्यावर एकच असलेला कागद छापला, म्हणजे त्याच्या शेकडो प्रती केल्या, आणि त्या शेकडो घरांत, वाचनालयांत गेल्या. त्यानंतर मूळ कागदाला वाळवी लागली तरी मजकूर मरत नव्हता. आणि हे वेळेवर झालं असं म्हणायला पाहिजे, कारण १९४८ च्या जाळपोळीत सातारा-सांगली भागातले पुष्कळ वाडे जळाले, आणि त्यांच्याबरोबर घरोघरची दप्तरंही गेली. ज्यांच्या नकला बाहेर गेल्या होत्या ते कागद आज वाचता येतात. बाकीच्यांत काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

छापलेल्या जुन्या पत्रांत बायकाही भेटतात. वाईच्या रास्त्यांची लेक गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची बायको. नातू सवाई माधवराव लहान असताना त्याला तिनं उपदेशाचं पत्र लिहिलं होतं. केव्हा उठावं, कसं वागावं, असं आजीनं नातवाला सांगितलेलं. ते आज कुणीही वाचू शकतं. त्याच काळात वाईच्याच घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी नातवंडांना काय सांगितलं, ते मात्र कुठे नाही. त्यांच्याकडे लिहिणारा कारकून नव्हता आणि दप्तर ठेवायला वाडा नव्हता.

त्यांच्याकडे जातं होतं. आणि जात्यावरच्या ओव्यांची गोष्ट तर या विषयात सांगायलाच हवी. पहाटे दळताना आईनं म्हटलेली ओवी लेक ऐकायची, सासरी जाऊन म्हणायची, तिची सून ऐकायची. तोंडातून कानात, अशी नक्कल होत राहिली. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं, आणि दोन पिढ्यांत ही साखळी तुटायला आली. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं या दोघांनी, आणि त्यांच्याबरोबर गावातल्याच बायकांनी, मुळशीच्या बाजूनं सुरुवात करून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून ओव्या लिहून घेतल्या. एक लाखाच्या वर ओव्या. काही नुसत्या कागदावर, काही टेपवर आवाजासकट. बर्नार्ड बेल या अभ्यासकानं ते संगणकावर नेलं. पॉटवॅं २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. पण काम एकाच कपाटात नव्हतं, म्हणून २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या इंटरनेटवर द्यायला सुरुवात केली, आणि आज साताऱ्यातली कुणीही बाई फोनवर त्या ऐकू शकते. वही, मग टेप, मग संगणक, मग दुसऱ्या संस्थेकडे प्रत. दर वेळी जुनं बंद पडायच्या आत नव्यात उतरवलं.

ही उतरवण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कागद शिल्लक असतो, पण वाचता येत नाही, असंही होतं. मोडीचं घ्या. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत मोडी होती. मग ती बंद झाली. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा तहसिलात दप्तरं होती, पण त्यांतले मोडी कागद वाचायला जाणकार शोधत फिरावं लागलं. आपल्या घरातलंच उदाहरण हवं तर कपाटातली लग्नाची कॅसेट काढा. कॅसेट आहे, ती लावायचं यंत्र कुठे आहे?

आता पुराकडे येतो. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर पाहिलेली माणसं "तेवढंच येईल" म्हणून सामान त्या खुणेच्या वर ठेवून बसली होती, पाणी त्याच्याही वर गेलं. सांगलीचं दीडशे वर्षांचं नगर वाचनालय, त्यातली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. घरोघरी तेच. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, खरेदीखतं, पोरांचे फोटो, सगळं कपाटाच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत घातलेले आम्ही पाहिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं.

त्या वेळची पलूस तालुक्यातल्या एका गावची गोष्ट. एकाच गल्लीत दोन बचत गट. दोघींच्या वह्या भिजल्या, शाई पसरली, अंगठ्यांचे नुसते निळे डाग राहिले. पहिल्या गटाच्या सचिव वहिनींना एक सवय होती. आपलं शुद्धलेखन बरं नाही म्हणून त्या दर बैठकीनंतर पानाचा फोटो काढून विट्याला दिलेल्या लेकीला पाठवायच्या, तिनं बेरीज तपासायची. दोन वर्षांची सगळी पानं लेकीच्या फोनमध्ये निघाली. आठ दिवसांत नवी वही तयार. दुसऱ्या गटात बँकेच्या पासबुकावरून एकूण रक्कम कळली, पण कुणाचं अंतर्गत कर्ज किती फिटलं ते कळायला मार्ग नव्हता. एक म्हणे चार हप्ते दिले, दुसरी म्हणे तीनच. तीन महिने वाद चालला. हप्ता तीनशेचा, आणि त्यावरून बारा वर्षांच्या दोन सख्या एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. एकीनं गट सोडला.

विहिरीत फोन गेला आणि पुरात कागद गेला. म्हणून कागद बरा का फोन बरा, हा वाद आम्ही घालत नाही. बघायचं ते एवढंच, की ही गोष्ट किती जागी आहे.

आता फोन हातात घ्या. दुकानदार सांगतो, "सहा आणि एकशे अठ्ठावीस." यातला लहान आकडा रॅमचा. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असताना जिन्नस त्यावर येतो, काम संपलं, फोन बंद झाला, की ओटा पुसला जातो. तिथे काही राहत नाही. मोठा आकडा म्हणजे कोठीची खोली. फोटो, व्हिडिओ, गाणी, ॲप, सगळं तिथे. "जागा भरली" ही तक्रार कोठीची असते. ओट्याला दोष देऊन उपयोग नाही. साध्या फोटोला तीन-चार एमबी लागतात, म्हणजे एका जीबीत अडीचशे-तीनशे फोटो. व्हिडिओचा एक मिनिट मात्र शंभर-सव्वाशे एमबी सहज खातो. बारशाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ हजारभर फोटोंची जागा घेतो. म्हणून जागा करायची तर आधी व्हिडिओ बघा, आणि सकाळी सकाळी येणारी गुलाबाची फुलं आणि सुविचार बघा. आमच्या एका बैठकीत एका ताईंच्या फोनमधून नुसते सुप्रभातचे फोटो काढले, तीन जीबी मोकळे झाले. सगळ्या हसल्या, पण त्याच ताईंनी आदल्या आठवड्यात जागा होईना म्हणून नातीचे फोटो पुसले होते.

या कोठीत माहिती राहते कशी, तेही थोडं सांगतो. कॅसेटमध्ये फीत फिरायची. फोनच्या आत फिरणारं काहीच नाही. बारीक बारीक कप्प्यांत विजेचा अंश कोंडून ठेवलेला असतो, वीज बंद केली तरी तो राहतो. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका या माणसानं ही युक्ती काढली. १९९९ मध्ये तिच्यावरचं बोटभर कार्ड आलं, पुढे २००५ च्या सुमारास नखाएवढं, जे आपण फोनमध्ये घालतो. पण कोंडलेली वीज कायमची नसते. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये बंद पडलेल्या कार्डातून ती हळूहळू झिरपू शकते. शिवाय हे कप्पे पुन्हा पुन्हा लिहून झिजतात. ताम्रपट हजार वर्षं टिकला, कागद दोन-तीनशे, आणि या कार्डावर आपण दहा वर्षांचाही भरवसा धरू नये. मावतं मात्र अख्ख्या तालुक्याचं दप्तर.

कार्ड म्हणजे झाकणाचा डबा. उचलून दुसऱ्या घरी नेता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण दोन गोष्टी सांभाळा. नवीन कार्ड घातलं की काही फोन विचारतात, हे बाहेरचं म्हणून वापरू का फोनचाच भाग म्हणून? फोनचाच भाग म्हणालात तर ते कार्ड त्या फोनला बांधलं जातं, दुसऱ्यात घातलं तर वाचता येत नाही, आणि फोन मेला की तेही गेलं. आपल्याला डबा हवा आहे, म्हणून बाहेरचं असंच ठेवा. दुसरं, आठवडी बाजारात दीडशे रुपयांत मोठ्या आकड्याचं कार्ड मिळत असेल तर घेऊ नका. त्यावर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जागा थोडीच असते. भरेपर्यंत कळत नाही, मग नवे फोटो उघडत नाहीत. पक्की पावती देणाऱ्या दुकानातून घ्या.

सिमकार्डात फोटो वगैरे काही नसतं, हे पुष्कळजणींना ठाऊक नाही. "सिम आहे ना माझ्याकडे, मग फोटो येतील" असं म्हणतात. सिममध्ये अडीचशेच्या आसपास नंबर मावतात, एवढंच. नंबर साठवताना फोन विचारतो, कुठे ठेवू? तिथे गूगल खातं निवडा. मग फोन बदलला, सिम बदललं, तरी नंबर परत येतात.

आणि मग ज्याला क्लाउड म्हणतात ते. नाव ढगाचं असलं तरी ते आभाळात नाही. कुठेतरी मोठ्या इमारतींत संगणकांच्या रांगा आहेत, तिथे आपली प्रत जाऊन बसते. हेळव्याच्या वहीसारखंच, दुसऱ्याच्या घरात. गूगलच्या खात्यात पंधरा जीबी फुकट मिळतात. पूर्वी फोटो कितीही ठेवता यायचे, १ जून २०२१ पासून ते बंद झालं, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपची प्रतही त्या पंधरातच मोजली जाते. म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलं की त्या घरचे नियम बदलतात, हे धरून चालायचं. भरलं की नवीन फोटो जायचे थांबतात, आणि फोन नुसती एक सूचना देतो, जी आपण बोटानं सारून टाकतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात खूपजणी पडतात. गूगल फोटोमध्ये गेलेला फोटो "आता वर गेला, आता फोनमधला पुसते" म्हणून त्याच ॲपमधून पुसला, तर तो वरचाही पुसला जातो. आरसा आहे तो. फोनमधलाच काढायचा असेल तर त्या ॲपमध्ये जागा मोकळी करायची सोय वेगळी आहे, तीच वापरा. चुकून पुसलंच, तर वर गेलेला फोटो साठ दिवस कचरापेटीत असतो. साठ दिवसांच्या आत आठवलं तर परत मिळतो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बैठकीत आम्ही विचारतो, तुमच्या फोनमधलं खातं कुणाच्या नावाचं आहे? निम्म्याहून जास्त जणींना माहीत नसतं. फोन घेतला तेव्हा पोरानं, पुतण्यानं, दुकानदाराच्या पोऱ्यानं आपलंच खातं घालून दिलं. मग काय होतं? तुमचे फोटो, तुमच्या पावत्या, तुमचे नंबर त्याच्या खात्यात जातात. त्यानं पासवर्ड बदलला की तुम्ही बाहेर. एका गावात दुकानदाराच्या पोऱ्याचं खातं चौदा बायकांच्या फोनमध्ये निघालं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, फोन चालू करून द्यायची घाई, बस. पण चौदा घरांचे फोटो एका पोराच्या खात्यात जमत होते. कुलकर्ण्याच्या हातात गावाचं दप्तर असायचं आणि आपल्याला आपल्याच जमिनीचा कागद मागायला त्याच्या ओसरीवर उभं राहावं लागायचं, ते दिवस आज्यांनी सांगितलेत. दप्तर आपल्या हातात आलंय, तर किल्ली का दुसऱ्याकडे ठेवायची?

तेव्हा आपल्या नावाचं खातं, आपल्या नंबरावर, आपल्या जन्मतारखेनं. पासवर्ड आपणच निवडायचा आणि एका कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवायचा. फोनमध्ये लिहून ठेवू नका, फोन गेला तर तोही जाईल. एटीएमचा पिन मात्र कुठेच लिहायचा नाही, त्याचा फोटो तर मुळीच नाही. आधारचा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, ती मोडायला हवी. आधार, दहावीचा दाखला, असे सरकारी कागद सरकारच्या डिजिलॉकरमध्ये घ्या. २०१५ पासून ते चालू आहे, आणि त्यात सरकारकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच धरला जातो. आपण नुसता फोटो काढून त्यात टाकला तर त्याला तो मान नाही, हा फरक लक्षात ठेवा. सातबाराचंही तसंच, डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो आणि तो चालतो. तो एकदा काढून बघा. त्यात आपलं नाव आहे का, तेही तेव्हाच कळेल.

गटाच्या वहीसाठी पलूसच्या त्या वहिनींची रीत आम्ही आता सगळ्या गटांत लावतो आहोत. सह्या आणि अंगठे झाले, की वही मिटायच्या आधी पानाचा फोटो. उजेडात, सरळ, चारही कोपरे दिसतील असा. तो तीन फोनांत. त्यातला एक फोन दुसऱ्या गावातला हवा, लेकीचा, बहिणीचा, कुणाचाही. एकाच गल्लीतले तीन फोन पुराला एकच. आणि वर्षातून एकदा, मार्चचा हिशेब झाला की, सगळी पानं एका कार्डावर घेऊन ते ग्रामसंघाच्या कपाटात. कार्डावर तारीख लिहा. पुढच्या मार्चला ते उघडून बघा, उघडलं तर ठीक, नाही तर नवं करा. ठेवलंय म्हणजे आहेच असं धरू नका. हेळवीसुद्धा फेरीला आला की वही उघडून वाचून दाखवतो.

व्हॉट्सॲपमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याची प्रत आपोआप जात नाही, सेटिंगमध्ये चॅट, मग बॅकअप, तिथे खातं निवडून रोज किंवा आठवड्यानं असं लावावं लागतं. आवाज जपायचा असेल, आईचा, मालकांचा, तर त्या आवाजावर बोट दाबून धरा, तो आणखी दोघांना पाठवा आणि कार्डावरही घ्या. हे आजच करण्यासारखं आहे, दोन मिनिटांचं काम.

आणि हा कार्यक्रम पुन्हा ऐकायचा असेल त्यांच्यासाठी. आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओला सरकारचा नियम आहे, प्रसारित केलेलं तीन महिने जपून ठेवायचं. त्यानंतर ठेवायची सक्ती नाही, आणि आमच्या संगणकाची कोठीही भरतच असते. ज्या गटाला हे बोलणं हवं आहे त्यांनी तीन महिन्यांच्या आत कार्ड घेऊन स्टुडिओत यावं. बुधवारी आणि शनिवारी दुपारी कुणी ना कुणी असतं. कार्ड रिकामं आणा म्हणजे झालं.